दोन इंच

रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा. मधला बर्थ वर करून साखळ्या अडकवलेल्या आहेत, कुणीतरी दिवा मालवलाय, आणि हात उशाशी घेऊन पडल्यापडल्या बोटाला एक भोक सापडतं. निळं रेक्झिन तिथे उसवलेलं असतं आणि आत पिवळट स्पंज असतो. नख घालून तो कणाकणाने उकरण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. मलाही लहानपणी आवरला नव्हता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली आहेत. तो स्पंज तिथे आला कसा, हा प्रश्न मात्र तेव्हा पडला नाही. गायीला शिंगं असतात तसा बर्थला स्पंज असतो, असंच वाटायचं.

तो तिथे १९७७ नंतर आला. रेल्वेखात्याला तो बसवायला लावणारा मंत्री मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात मुलांना भौतिकशास्त्र शिकवून आलेला होता. त्याचं नाव मधू दंडवते.

त्याआधी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकूड होतं. झोपायचं ते फळीवर. ज्यांना परवडे ते वळकटी किंवा होल्डॉल घेऊन निघत. गाडी सुटली की फळीवर सतरंजी, तिच्यावर गोधडी, असा संसार मांडला जाई. ज्यांच्याकडे पथारीच नव्हती ते पंच्याखाली लाकूड घेऊन दोन-दोन रात्री काढत. पहिल्या वर्गाला गाद्या होत्या. त्याच इंजिनाने ओढलेल्या, त्याच रुळांवरून धावणाऱ्या गाडीत एका दारापलीकडे मऊ होतं आणि अलीकडे कडक.

या कडकपणाला एक गमतीदार इतिहास आहे. इंग्रजांच्या काळापासून सामान्य माणसाचा वर्ग तिसरा होता. गांधीजी त्याच वर्गाने देशभर हिंडले आणि त्यातल्या हालांबद्दल त्यांनी लिहिलंही. १९७४ साली हा तिसरा वर्ग रद्द झाला. म्हणजे डब्यावरची पाटी बदलली. काल जो तिसऱ्या वर्गाचा उतारू होता तो आज दुसऱ्या वर्गाचा झाला. फळी होती तिथेच राहिली. सरकारी समाजवाद थोडक्यात समजावून सांगायचा झाला, तर मला याहून नेमकं उदाहरण सुचत नाही.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत जनता पक्ष निवडून आला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि दंडवत्यांकडे रेल्वे आली. त्यांची भूमिका साधी होती. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून कुणाचं भलं होणार नाही, खालच्याला वर आणायचं. किती वर? साधारण दोन इंच.

आता या दोन इंचांकडे थोडं थांबून बघू, कारण मला वाटतं या माणसाचं सगळं राजकारण तिथेच साठलेलं आहे. शिवाय विषय त्यांच्याच वर्गातला आहे.

समजा, साठ किलो वजनाचा माणूस फळीवर उताणा झोपलाय. फळी दबत नाही आणि माणसाचं शरीर सपाट नसतं. त्यामुळे तो खरं तर सगळ्या फळीवर झोपलेलाच नसतो. डोक्याची मागची बाजू, खांदे, माकडहाड आणि टाचा अशा चार-सहा ठिकाणी तो टेकलेला असतो, बाकीचा अधांतरी. ढोबळमानाने धरा की ही टेकलेली जागा चारशे चौरस सेंटिमीटर भरते. साठ किलो भागिले चारशे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दीडशे ग्रॅम. आकडा फार मोठा वाटत नाही. पण कातडीखालच्या केशवाहिन्यांमधून रक्त वाहतं ते पाऱ्याच्या सुमारे बत्तीस मिलिमीटर दाबाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण त्रेचाळीस ग्रॅम. बाहेरचा दाब त्याच्या वर गेला की त्या जागी रक्ताचा पुरवठा आवळला जातो. मुंग्या येतात, ठणकायला लागतं आणि झोपेतलं शरीर कूस बदलतं. थोड्या वेळाने दुसरी बाजू ठणकते. फळीवर झोपलेला माणूस रात्रभर तळमळतो तो यामुळे. त्याचा स्वभाव चंचल असतो असं नाही.

आता मधे स्पंज घाला. माकडहाड खाली रुततं, त्याबरोबर कंबरेची पोकळी भरते, मांड्या टेकतात, पाठ टेकते. वजन तेच साठ किलो. फक्त टेकलेली जागा चारशेची दीड हजार चौरस सेंटिमीटर झाली असं धरू. दाब उतरला चाळीस ग्रॅमवर. रक्त वाहायला लागलं. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येकाच्या शरीरागणिक ते बदलतील. पण गणिताचा रोख हाच राहतो. वजन कमी न करता, फक्त ते जास्त जागेवर पसरून, दाब खाली आणायचा. समाजवाद्याला हे समीकरण आवडलं असेल तर नवल नाही.

स्पंज आणखी एक काम करतो. जुन्या रुळांचे तुकडे तेरा मीटर लांबीचे असत. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी धावत असेल तर एका मिनिटात एक चाक सत्त्याहत्तर सांधे ओलांडतं. मिनिटाला सत्त्याहत्तर, म्हणजे जवळपास हृदयाचे ठोके. प्रत्येक सांध्याला एक धक्का. तो चाकातून स्प्रिंगेत, स्प्रिंगेतून डब्याच्या सांगाड्यात आणि सांगाड्यातून फळीत येतो. लाकूड तो जसाच्या तसा बरगडीला पोचवतं. स्पंजाच्या आत हवेचे लक्षावधी बारीक कप्पे असतात. धक्का आला की ते दबतात, हवा इकडून तिकडे ढकलली जाते, आणि त्या ढकलाढकलीत धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. खडखड ऐकू येते, हाडात उतरत नाही.

मग दोनच इंच का? चार का नाहीत? याचं उत्तर डब्याची उंची देते. एकावर एक तीन माणसं झोपवायची, मधला बर्थ दिवसा पाठ टेकायला खाली यायला हवा, आणि खालच्याला बसल्यावर डोकं आपटता कामा नये. प्रत्येक बर्थवर दोन इंच वाढवलं की तीन मजल्यांचे सहा इंच गेले. उलट अर्धा इंचच घातला तर माकडहाड तो दाबून थेट फळीला भिडतं, आणि पैसे वाया. आणखी एक ढोबळ हिशेब करून बघितला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड असे बहात्तर बर्थ. एका डब्याला साधारण चार घनमीटर स्पंज लागतो. घरातल्या दोन मोठ्या कपाटांत मावेल एवढा. तेवढ्याने बहात्तर माणसांची रात्र बदलते, दररोज, वर्षानुवर्षं.

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या दोन इंच फोमबद्दल मोठ्या आपुलकीने लिहिलेलं आहे. पण महाराष्ट्रात, जिथला हा माणूस, तिथे स्लीपरने जाणाऱ्या दहांना विचारलं तर नऊ जणांना हे नाव या संदर्भात ठाऊक नसतं. दंडवत्यांचं नाव निघालं की कोकण रेल्वे आठवते. ते बरोबरच आहे, तिकडे येऊच. पण स्पंज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांच्या पाठीखाली गेला.

मधू दंडवते अहमदनगरचे. जन्म २१ जानेवारी १९२४. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये उभ्या केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवायला लागले. भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. फळा, खडू, प्रयोगशाळा यांच्या शेजारीच दुसरं आयुष्य चालू होतं. १९४२ च्या आंदोलनात ते होते. राष्ट्र सेवा दल, मग प्रजासमाजवादी पक्ष. १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते तुकडी घेऊन गेले. पोर्तुगीज पोलिसांच्या लाठ्या खायला जायचं आणि परत येऊन ऊष्मागतिकीचा तास घ्यायचा, अशी ही पिढी. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे यांच्या छायेत वाढलेली. निवडणुका हरण्यात ही मंडळी पटाईत होती, आणि हरल्यावर त्यांचा आवाज खाली येत नसे.

दंडवते मात्र जिंकत राहिले. जानेवारी १९७१ मध्ये बॅरिस्टर नाथ पै गेले. राजापूर मतदारसंघ त्यांचा, कोकणचा लाडका वक्ता. काही आठवड्यांतच लोकसभेची निवडणूक झाली. देशात इंदिरा गांधींची लाट होती आणि भलेभले त्यात वाहून गेले. राजापूरने नाथ पैंच्या जागी दंडवत्यांना पाठवलं. मुंबईत नोकरी, नगरला जन्म, देशावरचा माणूस. कोकणी मतदार अशा माणसाला सहजी जवळ करत नाही, पण यांना केलं. १९७१, ७७, ८०, ८४ आणि ८९, असं पाच वेळा. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या, तेव्हाही राजापूर हललं नाही.

आणि या वीस वर्षांत सत्ता किती? रेल्वेमंत्री अठ्ठावीस महिने, अर्थमंत्री अकरा महिने. जेमतेम सव्वातीन वर्षं. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर, किंवा तुरुंगात.

तुरुंगाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून १९७५ च्या अखेरीस पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार बंगळूरला जमले होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते त्यांत होते. २६ जूनला सकाळी आणीबाणीची बातमी आली आणि चौघांनाही तिथेच पकडलं. समितीला ज्या विधेयकाचा विचार करायचा होता त्यावर कायदा व्हायला पुढे १९८५ साल उजाडलं. इकडे दंडवते बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात, तर त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात. दोन तुरुंगांतून नवराबायकोचा पत्रव्यवहार चाले, अर्थात तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून. प्रमिलाताई पुढे १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर आल्या आणि काही वर्षं दोघं एकाच सभागृहात खासदार होते.

तर असा तुरुंगातून सुटलेला प्राध्यापक मार्च १९७७ मध्ये रेल्वेभवनात पोचला. स्पंजाच्याही आधी त्याच्यापुढे एक जुनी जखम होती. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी वीस दिवसांचा संप केला होता. लाखो माणसं कामावरून उठली, सरकारने तो चिरडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. दंडवत्यांनी त्या बडतर्फ कामगारांना परत घेतलं. हे मी एका ओळीत सांगतोय, पण ज्याच्या घरात तीन वर्षं पगार आला नव्हता त्याला ती ओळ किती लांब वाटली असेल याचा अंदाज बांधता येत नाही. जॉर्ज स्वतः त्याच मंत्रिमंडळात उद्योगमंत्री होते.

मग गाडी. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली. टागोरांच्या काव्यसंग्रहाचं नाव, आणि आत एकच वर्ग, दुसरा. पहिला वर्ग जोडलेलाच नाही. लांब पल्ल्याची वेगवान गाडी म्हणजे मोठ्या लोकांची गाडी, ही तोवरची रीत. राजधानी एक्स्प्रेस १९६९ पासून धावत होती, पण ती कुणासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथे वेग दुसऱ्या वर्गाला मिळाला. मला यातलं धाडस स्पंजापेक्षा मोठं वाटतं. मऊ बर्थ दिल्याने कुणाचं काही जात नाही. पण एखाद्या चांगल्या गाडीत साहेबाला बसायला जागाच ठेवायची नाही, म्हणजे साहेबाला वेळेत पोचायचं असेल तर त्याला शिपायाच्या समोरच्या बाकावर बसावं लागेल. अधिकाऱ्यांच्या किती भुवया वर गेल्या असतील!

जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळलं आणि रेल्वेभवन सुटलं. पुढची दहा वर्षं संसदेत गेली. दंडवते बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकायचं. त्यांच्या बोलण्यात शिक्षकी शिस्त होती, मुद्दा एक, मुद्दा दोन. आणि मधेच एखादी कोपरखळी.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं आणि दंडवते अर्थमंत्री झाले. या अकरा महिन्यांबद्दल अर्थतज्ज्ञ फारसं बरं बोलत नाहीत. शेतकऱ्यांचं दहा हजार रुपयांपर्यंतचं कर्ज माफ झालं, त्याने बँकांची वसुलीची घडी विसकटली असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तूट वाढतच होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर स्वारी केली, तेल भडकलं आणि परकीय चलनाची गंगाजळी आटायला लागली. पुढच्या वर्षी देशाला सोनं गहाण टाकावं लागलं, तेव्हा दंडवते मंत्रालयात नव्हते. पण त्या घसरणीचा काही भाग त्यांच्या कारकिर्दीतला आहे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. स्पंजाचं भौतिकशास्त्र देशाच्या तिजोरीला लागू पडत नाही. तिथे वजन पसरवलं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर राहतंच.

पण याच अकरा महिन्यांत त्यांनी एक गोष्ट केली, तिच्यामुळे आजही कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यावर उभं राहिलं की मला ते आठवतात. त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा काढून टाकला.

हा कायदा आता लोक विसरले आहेत, म्हणून सांगतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने सोन्यावर बंधनं आणली. हेतू असा की लोकांना सोन्याचा मोह राहणार नाही, तस्करी थांबेल. नवे दागिने चौदा कॅरेटपर्यंतच्याच सोन्याचे घडवायचे! म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं आणि दहा भाग तांबं-चांदी. आपल्याकडे लग्नात मुलीला जे घालायचं ते बावनकशी असावं अशी समजूत. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र गळ्यात घालणार कोण? हजारो सोनारांची भट्टी थंड पडली. चौदा कॅरेटची सक्ती तीनेक वर्षांत उठली, पण १९६८ च्या कायद्याने बिस्किटं, लगडी आणि नाणी बाळगण्यावर बंदी घातली, सोनाराने किती सोनं जवळ ठेवायचं यावर मर्यादा आणली, परवाने आणि वह्या मागे लावल्या. सोन्याची हौस तसूभरही कमी झाली नाही. सोनं फक्त समुद्रमार्गे, अंधारात यायला लागलं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मुंबईच्या तस्करांच्या ज्या दंतकथा आहेत, त्यांच्या पायाशी हा कायदा आहे. १९९० मध्ये दंडवत्यांनी तो रद्द केला. आणि मूळ बंधनं आणणारे १९६३ चे अर्थमंत्री कोण? मोरारजी देसाई. १९७७ मध्ये ज्यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री होते तेच. बाजार मोकळा करणारी सुधारणा एका समाजवाद्याने केली, तीही उदारीकरणाच्या वर्षभर आधी, ही गोष्ट आपल्या राजकीय इतिहासाच्या खणांत कुठेच नीट बसत नाही. म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

आता कोकण रेल्वे.

मुंबईचा चाकरमानी गावी जायचा तो एकेकाळी बोटीने. पावसाळ्यात बोट बंद, आणि गणपती तर नेमके पावसात. मग एसटी आली. घाट, वळणं, पिशव्या, ओकाऱ्या, आणि पहाटे कणकवलीला उतरल्यावर अंगाचा झालेला खुळखुळा. रेल्वेचं स्वप्न जुनं होतं. अ. ब. वालावलकरांनी त्याच्या शक्यतेसाठी आयुष्य घातलं, नाथ पैंनी ते संसदेत नेलं. दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना आपट्यापासून रोह्यापर्यंतचा तुकडा हाती घेतला. तो पुरा व्हायला १९८६ उजाडलं. थोडक्या अंतराला ही गत, तर रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरना किती लागली असती? रेल्वेच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी चिमूटभर निधी मिळणार, त्यात एखादा पूल होणार, पुढच्या वर्षी आधीचं गंजणार. नवे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या रखडतात ते असेच.

१९९० मध्ये एक विलक्षण योग जुळून आला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातले. मार्ग मागणारा, पैसे देणारा आणि मंजुरी देणारा, तिघेही त्याच किनारपट्टीशी बांधलेले. त्यांनी रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीकडे हात पसरलाच नाही. वेगळं महामंडळ काढलं, भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा बाजारातून, रोखे विकून. १९ जुलै १९९० ला महामंडळाची नोंदणी झाली, १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली, सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे गेली. नोव्हेंबरात सरकार पडलं. जुलै ते नोव्हेंबर, चार महिने! त्या फटीतून ही रेल्वे निसटली. एकदा रोखे विकले, करार झाले की पुढच्या सरकारला ती गुंडाळणं अवघड होतं. व्याजाचं ओझं नंतर बरीच वर्षं त्या महामंडळाच्या मानगुटीवर बसलं, पण गाडी धावली.

आणि काय मार्ग! एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून पश्चिमेकडे धावणाऱ्या नद्या आणि खाड्या. प्रत्येक नदीवर पूल आणि दोन नद्यांमधल्या प्रत्येक डोंगरात बोगदा. लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर, पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच. कातळात सुरुंग लावता येतो. पण गोव्याकडच्या ओल्या, भुसभुशीत मातीत खोदलेलं रात्रीतून परत ढासळत होतं, आणि तिथेच सगळ्यांत जास्त काळ गेला. मुंबई ते मंगळूर हा रेल्वेने २०४१ किलोमीटरचा वळसा होता. तो ९१४ वर आला.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावरून गाडी धावली. १ मे रोजी पंतप्रधान वाजपेयींनी रत्नागिरीत ती राष्ट्राला अर्पण केली. हेच वाजपेयी तेवीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या तुरुंगात दंडवत्यांसोबत होते. दंडवते मात्र तेव्हा राजापूरचे खासदार राहिले नव्हते. १९९१ मध्ये, डोंगरात बोगदे पडायला लागलेले असताना, राजापूरने त्यांना हरवलं होतं. कोकणी माणसाला याबद्दल विचारलं तर तो विषय बदलतो, किंवा ‘लाटच तशी होती’ म्हणतो. याआधीच्या दोन लाटांत तो वाहिला नव्हता, हे त्याला ठाऊक असतं.

दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला, विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी.

गीतांजली अजून धावते, मुंबई ते हावडा. आता तिला वातानुकूलित डबे आहेत, दोन मजल्यांचे वेगळे, तीन मजल्यांचे वेगळे, आणि त्यांची भाडी वेगवेगळी. एका वर्गाच्या गाडीत पुन्हा वर्ग आले, आणि सर्वसाधारण डब्यातली गर्दी दारात लोंबकळते. स्लीपरच्या डब्यात मात्र रेक्झिन कुठेतरी फाटलेलं असतं, एखादं पोर त्यात बोट घालून बसलेलं असतं, आणि त्याची आई म्हणते, ‘अरे, कशाला उकरतोस ते?’